घरच्या वर्कशॉपमधलं टेबल सॉ: जोडणी, जुळवणी आणि पहिला काप

टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल ब्लेडने लाकूड कापायचं मशीन, घरी येईल त्या दिवशी त्यावर लाकूड कापू नका. खोका उघडायचा, पाय लावायचे, प्लग घालायचा आणि पडलेली एखादी फळी चिरून बघायची, ही ओढ मला चांगली ठाऊक आहे. पण गोदाम, ट्रक, टेम्पो आणि जिन्यावरची ओढाताण यातून आलेल्या मशीनचं ब्लेड सरळ असेलच असं नाही. आणि ब्लेड वाकडं आहे हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. ते लाकूड परत अंगावर आलं की कळतं.

म्हणून एक पूर्ण रविवार फक्त जोडणी आणि जुळवणीसाठी ठेवा. मी सिंहगड रोडला घराच्या पार्किंगमध्ये सुतारकाम करतो, नोकरी सांभाळून, हौस म्हणून. मला शिकवायला कुणी नव्हतं आणि पहिला रविवार मी कापण्यातच घालवला. तो कसा घालवायला हवा होता, ते इथे लिहितो आहे.

आधी मागचे दात समजून घ्या

टेबलाच्या वर ब्लेडचा जो भाग दिसतो, त्याचे पुढचे दात, म्हणजे तुमच्या बाजूचे, वरून खाली जातात. ते लाकूड टेबलावर दाबून धरतात आणि कापण्याचं काम तेच करतात. ब्लेडच्या मागच्या बाजूचे दात मात्र खालून वर येतात. लाकूड त्यांना घासलं की हे दात ते उचलतात, ब्लेडच्या डोक्यावर चढवतात आणि तुमच्या दिशेने भिरकावतात. यालाच किकबॅक म्हणतात.

वेगाचा हिशेब करून बघा. २५४ मिमी, म्हणजे १० इंची ब्लेडचा परीघ साधारण ८० सेंटीमीटर. मिनिटाला ४००० फेरे धरले तर दाताचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास येतो. लाकूड उलटं येतं ते डोळ्याची पापणी लवायच्या आत. त्याहून वाईट म्हणजे, लाकूड दाबून धरलेला हात त्याच्याबरोबर ओढला जातो, आणि तो ब्लेडवर जातो. बोटं जातात ती बऱ्याचदा अशी.

पुढे लिहिलेली जवळजवळ प्रत्येक गोष्ट एवढ्यासाठीच आहे: लाकूड मागच्या दातांना लागू द्यायचं नाही. हे एकदा डोक्यात बसलं की नियम पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप सुचतात.

पुण्यात फर्निचरचं काम चालू असलेल्या कुठल्याही फ्लॅटमध्ये डोकावा. प्लायच्या तुकड्याला खाच पाडून खालून चार इंची कटर उलटा स्क्रूने आवळलेला असतो, स्विच कायमचा दाबून बांधलेला असतो आणि त्यावर काम चालू असतं. ना गार्ड, म्हणजे ब्लेडवरचं झाकण, ना ब्लेडच्या मागचा सुरा. आमच्याकडे स्वयंपाकघराचं काम केलेल्या मिस्त्रींच्या डाव्या तर्जनीचं पहिलं पेर नाही. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "दोन सूत पट्टी काढायची होती साहेब, तेवढ्यासाठी ढकलायला काठी कोण घेतो." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन सूत म्हणजे जेमतेम सहा मिलिमीटर. तीस वर्षं अनुभव असलेल्या माणसाला जे झेपलं नाही ते आपण शिकाऊ लोकांनी करू नये. पैसे कमी असतील तर मशीन उशिरा घ्या, पण कटर उलटा करून टेबल बनवू नका.

जागा आणि वीज

८ फूट लांब प्लाय चिरायचा तर ब्लेडच्या अलीकडे ८ फूट आणि पलीकडे ८ फूट मोकळी जागा लागते. फ्लॅटच्या बाल्कनीत ती मिळत नाही, पार्किंगमध्ये गाडी बाहेर काढली तरच मिळते. माझा सल्ला असा की, अख्खा ८ बाय ४ चा शीट छोट्या टेबल सॉवर एकट्याने चढवायचाच नाही. १८ मिमीचा असा शीट ३५ किलोच्या आसपास भरतो, आणि तो ब्लेडवर तिरका झाला की सावरता येत नाही. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून प्लाय घेताना दुकानातच दोन-तीन मोठे तुकडे करून मिळतील का ते विचारा. नाही मिळाले तर घरी जमिनीवर जाड थर्माकोल अंथरा, त्यावर शीट टाका आणि सरळ पट्टी क्लॅम्प करून हातातल्या सर्क्युलर सॉने ढोबळ तुकडे करा. नेमकं माप मग टेबलवर घ्या.

पार्किंगला शहाबादी फरशी असेल तर मशीनचे चारही पाय टेकतात का ते बघा. एक पाय अधांतरी असेल तर त्याखाली रबराचा तुकडा घाला, किंवा पायाला उंची कमी-जास्त करायचा स्क्रू असेल तर तो फिरवा. टेबलाच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांवर तळवे टेकून आलटून पालटून दाबा. जराही डुलता कामा नये.

विजेचं म्हणाल तर, १८०० वॅटचं मशीन २३० व्होल्टवर साधारण ८ अँपियर घेतं आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. घरातला ६ अँपियरचा छोटा सॉकेट यासाठी नाही. मोठा, १६ अँपियरचा सॉकेट हवा, अर्थिंग खरंखुरं हवं आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच, हवा. एक्स्टेन्शन लागणारच असेल तर अडीच चौरस मिलिमीटरची तीन कोअर वायर घ्या. तपकीर गल्लीत ती मीटरवर कापून मिळते. वापरताना गुंडाळी पूर्ण उलगडा, कारण गुंडाळलेली वायर तापते. आणि वायर अशी टाका की लाकूड ढकलताना तुमचा पाय तिच्यात अडकणार नाही.

मशीन घेताना एक गोष्ट जरूर तपासा: चालू असताना वीज गेली आणि परत आली तर ते आपोआप सुरू होतं का? चांगल्या मशीनला असा स्विच असतो की वीज परत आली तरी हिरवं बटण पुन्हा दाबल्याशिवाय ब्लेड फिरत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे दिवे जातात आणि येतात. ब्लेडजवळ हात असताना ते आले तर काय होईल याचा विचार करा. दुकानात डेमो मागा, मशीन चालू असताना भिंतीवरचा स्विच बंद करून पुन्हा चालू करायला सांगा.

जोडणी

प्लग काढलेला आहे, आणि तो तुमच्या डोळ्यांसमोर टेबलावर ठेवला आहे, हे बघून मगच मशीनला हात लावा. नुसता स्विच बंद असणं पुरेसं नाही. जोडणी, ब्लेड बदलणं, मोजमाप, सगळ्याला हाच नियम.

पाय आणि स्टँड माहितीपुस्तिकेत दाखवल्याप्रमाणे लावा. त्यात फारसं काही नाही. फक्त सगळे बोल्ट आधी हाताने अर्धे फिरवून घ्या, मशीन उभं करा, चारही पाय टेकू द्या आणि मग पान्याने आवळा. आधीच आवळले तर स्टँड पिळवटलेला राहतो.

टेबल बीडाचं असेल तर त्यावर गंज येऊ नये म्हणून लावलेलं ग्रीस असतं. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या फडक्याने ते पुसा, कोरडं करा आणि मेणाचा पातळ हात देऊन घासा. लाकूड कसं सरकतं ते लगेच जाणवेल. ॲल्युमिनियमच्या टेबलालाही मेण चालतं.

आता ब्लेड. मधलं भोक मशीनच्या शाफ्टला अचूक बसणारं हवं. आपल्या बाजारात १० इंची ब्लेड २५.४ मिमी आणि ३० मिमी अशा दोन्ही भोकांची मिळतात, आणि बोहरी आळीत दुकानदाराने समोर ठेवलं तर दोन्ही सारखीच दिसतात. मशीनवरचं माप लिहून न्या. भोक मोठं निघालं तर पत्रा किंवा टेप गुंडाळून भरू नका. त्यासाठी तयार रिड्युसर रिंग मिळते, नाहीतर सरळ ब्लेड बदलून आणा. ब्लेडवर छापलेला जास्तीत जास्त वेग मशीनच्या वेगापेक्षा जास्त असला पाहिजे. सुरुवातीला टीसीटी, म्हणजे टंगस्टन कार्बाइडची टोकं लावलेलं, ४० दातांचं एक ब्लेड पुरे. त्याने सागवानही चिरता येतं आणि प्लायही तोडता येतो. पुढे लॅमिनेट लावलेल्या प्लायची कड टवके न उडता हवी असेल तेव्हा ६० किंवा ८० दातांचं घ्या.

थ्रोट प्लेट, म्हणजे ब्लेडभोवतीची सुटी पट्टी, काढा. ब्लेड पूर्ण वर घेणारा दांडा फिरवा. शाफ्ट लॉक करून नट काढा. कुठल्या बाजूला फिरवायचा याचा गोंधळ होतो, तर लक्षात ठेवा: ब्लेड ज्या दिशेने फिरतं त्या दिशेने नट सैल होतो. आतली फ्लँज, म्हणजे ब्लेड ज्या चकतीला टेकतं ती, पुसा. तिच्यावर भुशाचा एक कण राहिला तरी ब्लेड डुगडुगतं. ब्लेड बसवताना वरच्या दातांची टोकं तुमच्याकडे असली पाहिजेत. उलटं बसलेलं ब्लेड धूर काढतं आणि लाकूड जाळतं. नट घट्ट करा, पण पान्यावर उभं राहून नाही. या कामात चामड्याचे हातमोजे जरूर घाला. कापताना मात्र हातमोजे नकोत, दातात कापडाचं टोक अडकलं की हात सोडवता येत नाही.

ब्लेडच्या मागे उभा असतो तो पातळ सुरा, रायव्हिंग नाइफ. माझ्या मते मशीनचा सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. कापून झालेल्या लाकडाच्या दोन भागांमध्ये तो उभा राहतो, त्यांना मिटू देत नाही आणि मागच्या दातांवर ढकलूही देत नाही. त्याची जाडी ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जास्त आणि दाताच्या रुंदीपेक्षा कमी हवी. समजा पत्रा १.८ मिमी, दात २.८ मिमी, तर २.३ मिमीचा सुरा योग्य. हे आकडे ब्लेडवर आणि सुऱ्यावर कोरलेले असतात. पातळ दातांचं स्वस्त ब्लेड घेताना ते सुऱ्यापेक्षा पातळ नाही ना, हे पाहा. नाहीतर लाकूड अर्ध्यात सुऱ्याला अडकेल आणि तुम्ही जोर लावाल. दात आणि सुरा यांच्यात ३ ते ८ मिमी अंतर ठेवा.

माझ्या अंगावर लाकूड आलं ते हा सुरा नसतानाच. खाच पाडायला म्हणून मी तो काढला होता आणि काम झाल्यावर परत लावला नाही. दुसऱ्या दिवशी १२ मिमी प्लायचा वीतभर चौकोनी तुकडा फेन्सला, म्हणजे ब्लेडला समांतर लावायच्या सरकत्या आडपट्टीला, टेकवून नुसत्या हाताने ढकलत होतो. तुकडा फेन्सपासून केसभर सुटला, मागच्या दातावर गेला आणि गरकन फिरला. मला तो उडताना दिसलाच नाही. ठप्प असा आवाज आला आणि मी खाली बसलो होतो. बरगडीखाली मुठीएवढा काळानिळा डाग तीन आठवडे होता. तुकड्यावर दाताने कोरलेली अर्धगोल रेघ होती. तो तुकडा मी स्विचच्या वर भिंतीला ठोकून ठेवला आहे.

जुळवणी

यासाठी लागतो एक सरकत्या पट्टीचा गुण्या, म्हणजे कॉम्बिनेशन स्क्वेअर, एक मार्कर, एक फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा, आणि शांतपणा. फीलर गेज नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांत विचारा. मिळेपर्यंत साधा झेरॉक्सचा कागद चालेल, त्याची जाडी साधारण ०.१ मिमी असते.

टेबलावर समोरून मागे गेलेली खाच दिसते, मायटर स्लॉट. ती टेबलात कोरलेली आहे, हलत नाही. म्हणून सगळं तिच्याशी जुळवायचं: आधी ब्लेड, मग फेन्स. फेन्स ब्लेडशी जुळवला आणि नंतर ब्लेड हलवलं, तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

ब्लेड पूर्ण वर घ्या. एका दातावर मार्करने खूण करा. तो दात टेबलाच्या पुढच्या टोकाला आणा. गुण्याचं डोकं स्लॉटच्या कडेला टेकवून धरा आणि पट्टी इतकी सरकवा की तिचं टोक त्या दाताला जेमतेम शिवेल. पट्टी आवळा. आता ब्लेड हाताने सावकाश पुढे-मागे हलवा, दात पट्टीला घासताना बारीक खर्र असा आवाज येतो. तो आवाज नीट ऐका. मग तोच दात, दुसरा नाही, फिरवून मागच्या टोकाला आणा आणि गुण्या स्लॉटमधून मागे सरकवून पुन्हा हलवा. तसाच खर्र आला तर ब्लेड समांतर आहे. आवाज आलाच नाही तर मागे फट आहे, ती फीलर गेजने मोजा. पट्टी दातावर अडकून ब्लेड अडलं तर मागची बाजू पट्टीकडे सरकलेली आहे. तोच दात का, तर दात एकमेकांपेक्षा किंचित कमी-जास्त बाहेर असतात. एकच दात दोन्हीकडे मोजला की ती चूक राहत नाही.

फरक ०.१ मिमीच्या आत हवा. जास्त असेल तर छोट्या मशीनमध्ये टेबलाखाली मोटर आणि ब्लेड धरून ठेवणारे बोल्ट असतात. कुठले सैल करायचे ते माहितीपुस्तिकेत असतं. तीन जरा सैल करा, चौथा तसाच ठेवा, म्हणजे ब्लेड त्याच्याभोवती फिरेल. मग लाकडाचा ठोकळा लावून हातोडीने हलकेच टिचकी मारा. मोजा. पुन्हा टिचकी. बोल्ट आवळताना ब्लेड परत थोडं सरकतं, म्हणून एकेक थोडा आवळत आणि मधे मधे मोजत जा. पहिल्या वेळी मला यात अडीच तास लागले. वैतागून "चालतंय की" म्हणायचा मोह होतो, तेव्हा चहा घ्या आणि परत या. बाकी सगळं या एका मापावर उभं आहे.

मग फेन्स. तो स्लॉटच्या कडेला आणून लॉक करा आणि पुढे-मागे फट मोजा. इथे एक बारकावा आहे: मागचं टोक ब्लेडपासून एका कागदाएवढं लांब असलं तर चालतं, जवळ असलेलं मुळीच चालत नाही. मागे निमुळता होत गेलेला फेन्स लाकूड सरळ मागच्या दातांवर दाबतो. लॉक करताना फेन्सचं मागचं टोक हलतं का तेही बघा. स्वस्त फेन्समध्ये हे होतं, आणि मग प्रत्येक वेळी लॉक केल्यावर दोन्ही टोकांना टेपने मोजण्याची सवय लावावी लागते.

ब्लेडचा ९० अंशाचा कोन तपासताना गुण्या दातावर नाही, दोन दातांच्या मधल्या पत्र्यावर टेकवा. मागे मोबाइलची बॅटरी धरली की फटीतून उजेड दिसतो. खरी परीक्षा मात्र कापूनच होते, ती पुढे सांगतो. कललेलं ब्लेड ४५ अंशाला थांबवणारा अडसर गरज पडेल तेव्हा जुळवा, पहिल्याच दिवशी त्यात वेळ घालवू नका.

शेवटी एक सरळ पट्टी ब्लेडच्या आणि सुऱ्याच्या बाजूला लावून बघा. सुरा ब्लेडच्या जाडीत लपलेला असला पाहिजे, कुठल्याही बाजूला डोकावता कामा नये. थ्रोट प्लेट परत बसवा. ती टेबलाच्या पातळीला आहे ना, हे नखाने चाचपून बघा. मागे किंचितही वर असेल तर लाकडाचं टोक तिथे अडेल. गार्ड लावा.

पहिला काप

हातातलं कडं, अंगठी, घड्याळ आणि मनगटावरचा लाल धागासुद्धा काढा. काढायचा नसेल तर त्यावर घट्ट बाही हवी. ओढणी, सैल कुर्ता, मोकळे केस, चप्पल यातलं काही चालणार नाही. डोळ्यांवर सेफ्टी गॉगल, कानात प्लग किंवा मफ, तोंडाला एन-९५. लाकडाची बारीक धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात मोडते, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या वर्गवारीत. एमडीएफ कापताना तर मास्कशिवाय एक मिनिटही उभं राहू नका.

पहिला तुकडा म्हणून १८ मिमीचा प्लाय घ्या, ६० सेंटीमीटर लांब आणि ३० रुंद. त्यातून २० सेंटीमीटरची पट्टी चिरायची. फेन्स लावा आणि फेन्सपासून ब्लेडच्या फेन्सकडल्या दातापर्यंत टेपने मोजा. ब्लेडची उंची अशी ठेवा की दाताचं टोक लाकडाच्या वर ३ ते ६ मिमी दिसेल.

आता प्लग न घालता पूर्ण काप एकदा करून बघा. मशीन बंद आणि ब्लेड खाली उतरवलेलं, पण हालचाल खरी. हात कुठून निघतो, पुश स्टिक, म्हणजे लाकूड ढकलायची काठी, कधी उचलायची, शेवटी लाकूड कुठे पडेल, पाय कुठे आहेत. नवख्या माणसाने हे दहा वेळा करावं. मी अजूनही वेगळ्या आकाराचं लाकूड आलं की करतो.

उभं राहायचं ते ब्लेडच्या रेषेत नाही. फेन्स ब्लेडच्या उजवीकडे असतो, तेव्हा तुम्ही ब्लेडच्या डाव्या बाजूला उभे राहा. भिरकावलेलं लाकूड ब्लेड आणि फेन्स यांच्या मधल्या पट्ट्यातून येतं. त्या पट्ट्यात तुम्ही नसाल आणि तुमच्या मागे घरातलं कुणीही नसेल. मुलांना आत येऊ देऊ नका, आणि मशीन चालू असताना कुणी मागून येऊन खांद्यावर हात ठेवायचा नाही, हे घरात स्पष्ट सांगून ठेवा.

मशीन चालू करा आणि ब्लेड पूर्ण वेगात येऊ द्या. लाकूड फेन्सला चिकटलेलं राहिलं पाहिजे, नजर ब्लेडवर नाही, फेन्स आणि लाकूड यांच्या मधल्या रेषेवर. सारख्या गतीने ढकला. मोटरचा आवाज बसायला लागला तर गती कमी करा, जळका वास आला तर तुम्ही फार हळू ढकलताय किंवा फेन्स वाकडा आहे. हात ब्लेडपासून १५ सेंटीमीटर अंतराच्या आत जाता कामा नये. पट्टी त्याहून अरुंद असेल तर पुश स्टिक, आणि चार-पाच सेंटीमीटरची असेल तर लाकूड वरून दाबून मागून ढकलणारा पुश ब्लॉक. १२ मिमी प्लायच्या दोन पुश स्टिक करून फेन्सजवळच टांगून ठेवा. त्या कापल्या गेल्या तर नव्या करता येतात.

फेन्सकडचा तुकडा ब्लेड आणि सुऱ्याच्या पूर्ण पलीकडे जाईपर्यंत ढकला. अर्ध्यात सोडू नका. मागून हात घालून ओढू नका. डावीकडे सुटलेला तुकडा ब्लेडजवळ पडला असेल तर तो तिथेच राहू द्या. मशीन बंद करा, ब्लेड पूर्ण थांबू द्या, मग उचला. काप मधेच अडला तर लाकूड मागे ओढायचं नाही. एका हाताने ते आहे तिथे घट्ट धरा आणि स्विच बंद करा. स्विच गुडघ्याने दाबता येतो का ते आधीच बघून ठेवलेलं असावं.

कापलेल्या पट्टीवर कोनाची परीक्षा करा. पट्टी आडवी तोडा, तोडलेला एक तुकडा उलटा करा आणि दोन्ही कापलेल्या कडा सपाट जागेवर एकमेकांना भिडवा. ब्लेड ९० अंशाला असेल तर फट दिसणार नाही. दिसली तर ती खऱ्या चुकीच्या दुप्पट असते, म्हणून लगेच लक्षात येते.

आडवं तोडताना एक चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. मायटर गेजने, म्हणजे मायटर स्लॉटमधून सरकणाऱ्या टेकूने, लाकूड ढकलायचं आणि माप मिळावं म्हणून लाकडाचं टोक फेन्सलाही टेकवायचं. असं केलं की तोडलेला तुकडा ब्लेड आणि फेन्स यांच्यामध्ये अडकतो, त्याला जायला जागा नसते. मायटर गेज वापरताय तर फेन्स बाजूला सारा. एकसारखे तुकडे हवे असतील तर फेन्सला ब्लेडच्या बऱ्याच अलीकडे एक ठोकळा क्लॅम्प करा, लाकूड त्याला टेकवून माप घ्या आणि मग ढकला. ब्लेडपर्यंत पोचेस्तोवर लाकूड ठोकळ्यापासून सुटलेलं असतं. फेन्सही नाही आणि मायटर गेजही नाही, नुसत्या हाताने, हे तर कधीच नाही. ३० सेंटीमीटरपेक्षा आखूड तुकडा चिरायचा नाही, आणि लांबीपेक्षा रुंद असलेला तुकडा फेन्सला लावायचा नाही.

भोसरी-चाकणकडच्या पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन स्वस्त मिळतं आणि शिकायला चांगलं आहे, पण त्यात तुटलेले खिळे असतात. प्रत्येक फळीवरून चुंबक फिरवा. ओली बाभूळ किंवा आंबा चिरताना मागची चीर मिटत जाते, तेव्हा सुऱ्याची खरी किंमत कळते. वाकलेली किंवा पिळलेली फळी आधी एक बाजू रंधून सपाट करा, मगच टेबलावर ठेवा.

औषधपेटी आणि शेजारी

जाड गॉझचे रोल, बँडेज, स्वच्छ प्लास्टिकच्या पिशव्या मशीनच्या खोलीतच ठेवा, वरच्या मजल्यावर नाही. बोट तुटलंच तर जखम गॉझने घट्ट दाबून हात वर धरायचा आणि १०८ ला फोन करायचा. तुटलेला भाग ओलसर गॉझमध्ये गुंडाळून पिशवीत बंद करायचा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवायची. बर्फावर थेट ठेवला तर तो खराब होतो. हे घरातल्या दुसऱ्या माणसालाही सांगून ठेवा, कारण त्या क्षणी तुम्हाला सुचणार नाही. आणि घरात कुणीच नसताना मशीन लावू नका.

टेबल सॉचा आवाज भिंतीपलीकडे चांगलाच पोचतो. निवासी भागात कायद्याने रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळायची असतेच, पण आपल्याकडे दुपारी १ ते ४ ज्येष्ठ मंडळी आडवी होतात, तेव्हाही मशीन बंद ठेवा. मी सकाळी दहानंतर दोन तास कापतो आणि दुपारी हाताने रंधा, पटाशी आणि पॉलिशचं काम करतो. शेजारच्या काकूंना आधीच सांगितलं होतं, त्यांनी एकदाही तक्रार केली नाही. त्यांच्या पाटाचा तुटलेला पाय मात्र करून दिला.

पावसाळा आणि देखभाल

जूनपासून सप्टेंबरपर्यंत बीडाच्या टेबलावर एका रात्रीत तांबूस डाग येतात. काम झालं की भुसा झाडा, कारण भुसा ओल धरतो, मेणाचा हात द्या आणि वर कोरडी चादर टाका. प्लास्टिकचा कागद टाकला तर आतच घाम धरतो. डाग आलाच तर बारीक पॉलिश पेपरने रेषेत घासा. दातांवर चिकट राळ साचली की ब्लेड जाळायला लागतं. अशा वेळी धार गेली असं समजून ते फेकू नका. ब्लेड काढून साबणाच्या कोमट पाण्यात भिजवा, जुन्या टूथब्रशने घासा आणि लगेच कोरडं करा.

पहिल्या महिन्यात दर रविवारी ब्लेड आणि फेन्स मोजा. नवीन मशीनचे बोल्ट थरथरीने बसतात आणि थोडे सैल होतात. नंतर दोन-तीन महिन्यांनी एकदा, आणि मशीन उचलून हलवलं तर लगेच. मोजलेला फरक आणि तारीख मी मशीनच्या बाजूच्या पत्र्यावर मार्करने लिहितो. तुमच्या पत्र्यावरची पहिली नोंद त्या न कापलेल्या रविवारची असू द्या.